तिसरा कप मिळणार नाही

४ मार्च

मुंगीबाई,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण.

पत्र बघून चक्रावली असशील. माझा फोन दुधाच्या पातेल्यात पडला. दूधही गेलं, फोनही गेला, त्यामुळे आता टपाल. शिवाय फोनवर मी चढ्या आवाजात बोलायला लागले की तू 'रेंज नाही' म्हणून ठेवून देतेस. कागदाची रेंज जात नाही, तेव्हा गुमान बसून वाच.

काल आमच्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाने माझ्या काउंटरसमोरच्या खांबावर एक सूचना डकवली. 'कॉफीमुळे शरीरातील पेशींची दुरुस्ती थांबते असे संशोधनातून सिद्ध झाले आहे. रुग्णांच्या हितासाठी आवारातील कॉफीविक्री महिनाअखेर बंद करण्यात येईल.' खाली वर्तमानपत्राचं कात्रण. आणि त्या कात्रणात पांढरा कोट घालून, हातात काचेची बशी धरून, दात दाखवत उभी कोण, तर आमची मुंगी.

ज्या काउंटरखाली कॉफीच्या पोत्यावर बसून तू पाढे पाठ केलेस, त्याच काउंटरवर नांगर फिरवलास. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेलाही लागत नव्हतीस. तुझी फी, तुझी पुस्तकं, तो पहिला चष्मा, सगळं या कॉफीने केलं. माझ्या पोटावर पाय द्यायला परकं माणूस कशाला हवं, घरचंच पुरे.

मी बंद करणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. व्यवस्थापक म्हणाला, "बाई, समजून घ्या, हे विज्ञान आहे." मी एक शब्द बोलले नाही. नुसती बघत राहिले. तोच घाम पुसत निघून गेला.

कॉफी किती प्यावी हे मला तुझ्या बशीकडून शिकायचं नाहीये. मोठा डॉक्टर असो की ॲम्ब्युलन्स चालवणारा, माझ्याकडे तिसरा कप मिळत नाही. दोन झाले की मी त्यांच्या देखत कप पालथा घालते. शिव्या खाते, पण घालते. असा नियम तुमच्या संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये आहे का, ते विचारून ये.

आता कामाचं. माझं एक गिऱ्हाईक आहे, शिंपीणबाई. घशात गाठ निघाली म्हणून मागच्या इमारतीत रोज किरण घेते. ही सूचना वाचून ती हबकली आहे. तुम्ही नक्की काय शोधलंत, ते तिला कळेल अशा भाषेत लिही. मोठाले शब्द वापरलेस तर पत्र परत पाठवीन.

मावशी


११ मार्च

मावशी,

भांडण पोचलं. आशीर्वाद अजून वाटेत असतील असं धरून चालते.

दात दाखवले कारण फोटोवाला 'हसा' म्हणाला. बातमी मी लिहिलेली नाही. ती संस्थेच्या प्रसिद्धीवाल्यांनी केली, आमच्या लॅबच्या मॅडमनी त्यावर सही केली, आणि मी ती तुझ्यासारखीच छापून आल्यावर वाचली. फरक एवढाच की मला खांबावर वाचावी लागली नाही.

आता शिंपीणबाईंसाठी. त्यांना शिवणाच्या भाषेत सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा दुपदरी धागा असतो. पेशीने काय करायचं ते सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं. ऊन, धूर, किरण, कशानेही तो तुटतो. रोजच तुटत असतो. पण पेशी वेडी नाही. तुटका धागा घेऊन ती एकाची दोन व्हायला निघत नाही. आत एक मुकादम बसलेला असतो. तो ओरडतो, "थांबा, काम बंद, आधी सांधा." मग पेशी थांबते, धागा सांधते, आणि मगच पुढे जाते.

कॅफीन त्या मुकादमाच्या तोंडावर हात ठेवतं. पेशीला 'थांबा' ऐकूच येत नाही. ती तुटका धागा घेऊन तशीच पुढे जाते आणि बऱ्याचदा मरते. आम्ही हे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर पाहिलं. आधी किरण मारले, मग कॅफीन घातलं. कित्येक वर्षांपासून संशोधकांच्या मनात आहे की याचा गाठीवर उपयोग करता येईल का. किरणांनी धागा तोडायचा, कॅफीनने दुरुस्ती अडवायची, म्हणजे गाठीतल्या पेशी पटापट मरतील.

आणि आता ते वाक्य, जे बातमीतून गळलं. खरं तर गाळलं. आमच्या शोधनिबंधात ते ठळक आहे. बशीत आम्ही जेवढं कॅफीन घालतो तेवढं रक्तात यायचं तर माणसाला शंभरेक कप एकदम घशाखाली घालावे लागतील. आता सांग, तुझ्या काउंटरवर शंभर कप कोण पितं? तू तिसरासुद्धा देत नाहीस.

थोडक्यात, तुझ्या दोन कपांनी कुणाचा मुकादम गप्प बसत नाही. शिंपीणबाईंना कॉफी प्यायची असेल तर कोमट करून घ्या म्हणावं, घसा हुळहुळा असेल. आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायला सांग. मी मॅडमकडे खुलासा छापायची मागणी करते आहे.

नवा फोन कुरियरने पाठवते आहे. दुधापासून लांब ठेव.

तुझी मुंगी


१९ मार्च

मुंगे,

फोन पोचला. बटणं कुठे आहेत तेच कळत नाही, म्हणून खोक्यात ठेवलाय. पत्रच बरं.

तुझं ते मुकादमाचं चार वेळा वाचलं. छान सांगितलंस. एवढं छान त्या बातमीवाल्याला सांगितलं असतंस तर खांबाला गोंद लागला नसता.

इथे लोक सूचना वाचत वाचत कॉफी पितात. भाजलेल्यांच्या वॉर्डातली नर्स काल म्हणाली, "मावशी, आज दुरुस्ती थांबवणारी एक कडक द्या." मी कप पुढे सरकवला. हसायला सगळे पुढे असतात. व्यवस्थापकाकडे जाऊन चार शब्द बोला म्हटलं की प्रत्येकाची ड्युटी सुरू होते.

आता शिंपीणबाईचं ऐक. बाई हुशार आहे. तुझं पत्र ऐकून म्हणाली, म्हणजे किरणांनी तोडायचं आणि कॉफीने सांधू द्यायचं नाही, असंच ना? मग मला तर हेच हवंय. गाठीला कशाला दुरुस्ती? ती मरायलाच पाहिजे. राहिला प्रश्न शंभर कपांचा. तर शंभर कप पोटात मावत नाहीत, पण आटवले तर मावतात.

तशी ती पिते आता. कोरी कॉफी आटवून आटवून मधासारखी दाट करायची, गार करायची, आणि किरणांना जायच्या आधी डोळे मिटून घशाखाली ढकलायची. जहर कडू लागते. घसा सोललेला, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतं. हात थरथरतात, छाती धडधडते, एकदा भिंत धरून बसावं लागलं. पण ती म्हणते, धडधडते म्हणजे लागू पडतेय. गाठ घाबरली असणार.

तिला प्रमाण हवंय. किती पावडरीचं किती आटवलं की तुमच्या बशीएवढं होईल? हिशेब करून लगेच कळव. तिचे अजून बरेच दिवस किरण बाकी आहेत आणि ती काही सोडणारी नाही.

मावशी


२३ मार्च, कुरियरने

मावशी,

शिंपीणबाईंना आत्ताच्या आत्ता थांबव. पत्र वाचून पुरं व्हायच्या आधी ते भांडं मोरीत ओत. हिशेब मी करणार नाही.

चूक माझी झाली. शंभर कप म्हणजे अशक्य, एवढंच मला म्हणायचं होतं. मी थट्टेत लिहिलं. पुढचं सरळ वाक्य लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. ते असं आहे: बशीतल्या पेशींना हृदय नसतं. माणसाला असतं. रक्तात कॅफीन बशीएवढं होण्याच्या कितीतरी आधी हृदय बंद पडतं. छाती धडधडते ती लागू पडल्यामुळे नाही. ती मरणाच्या वाटेवरची धडधड आहे.

मॅडमकडे गेले होते. म्हणाल्या, "खुलासा कुणी वाचत नाही. बातमी गाजली आहे, आपल्या कामाला निधी मिळतोय, वाक्य निबंधात आहे तेवढं पुरे." मी म्हटलं, माझ्या मावशीचं दुकान बंद होतंय. त्या म्हणाल्या, कॉफीचं दुकान ना, दुसरीकडे लावतील. मी दार जरा जोरात लावून बाहेर आले.

पण तो विषय नंतर. तुझं पत्र घेऊन मी पेशी वाढवायच्या इनक्युबेटरसमोर स्टुलावर बसले आणि एकेक गोष्ट मनाला टोचायला लागली. जी बाई मुख्य डॉक्टरांना तिसरा कप देत नाही, ती एका गिऱ्हाइकाला शंभर कप आटवून देते? थरथरत्या हातांनी भिंत धरून बसलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा देते? तू? तू तिच्या अंगावर भांडं फेकलं असतंस. कोपरावर ठिगळ लावायचं असलं तरी स्वतःच सुई घेणारी तू, तुझी शिंपिणीशी एवढी गट्टी कधीपासून? व्यवस्थापकाला तू एक शब्द बोलली नाहीस. आयुष्यात कुणापुढे गप्प बसलीस ते सांग. आणि फोन खोक्यात. ज्या बाईने रेडिओ उघडून दुरुस्त केला तिला बटणं कळत नाहीत.

मावशी, शिंपीण कोण आहे?

मुंगी


२६ मार्च, कुरियरने

मुंगे,

मी आहे. बरं मग?

घशाची गाठ माझी, किरण माझे, आटवलेली कॉफी माझी. फोन दुधात पडला नव्हता. आवाज गेलाय. आधी घोगरा झाला, मग फाटला, आता नुसती हवा निघते. फोनवर एक 'हॅलो' म्हटलं असतं तरी तुला कळलं असतं. गिऱ्हाइकं खूश आहेत, म्हणतात आवारात शांतता आली. मी चमचा किटलीवर आपटते, तेवढ्यावर दुकान चालतं.

सांगितलं का नाही, ते विचारू नकोस, विचारशीलच, म्हणून लिहिते. तुझी आई याच हॉस्पिटलात होती तेव्हा तू शाळा सोडून तिच्या उशाशी बसलीस. वर्ष गेलं तुझं. ती मला म्हणाली होती, "ताई, हिला पुन्हा कुणाच्या उशाशी बसवू नकोस." मी शब्द दिला होता. तो मोडायची माझी तयारी नाही, गाठ असो की गाठीचा बाप असो.

आणि रडका सूर लावू नकोस. या गाठीला मी घाबरत नाही, मला तिचा राग येतो. न विचारता आली, न भाडं देता राहिली आणि माझाच आवाज खाल्ला. सकाळी किरणांच्या टेबलावर झोपवतात, तोंडावर जाळीचा मुखवटा दाबून बसवतात, हलायचं नाही म्हणतात. लोक टेबलावर देवाचं नाव घेतात. मी गाठीला शिव्या देते, मनातल्या मनात, कारण आवाज नाही.

तेव्हा मला 'थांब' म्हणू नकोस. आजवर जो उठतो तो मला थांब म्हणतो. व्यवस्थापक म्हणतो दुकान थांबवा. डॉक्टर म्हणतात काम थांबवा. मी ऐकलेलं नाही. माझ्या हातात दुसरं काय आहे? टेबलावर पडून राहायचं आणि मशीनने काय करायचं ते करायचं. ही एकच गोष्ट मी माझ्या हाताने करतेय, माझ्या चुलीवर, माझ्या कॉफीने. ती करू नको म्हणायचं असेल तर हृदयाची भीती दाखवू नकोस. मरणाचं भय घालून माझ्याकडून काही करून घेता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. दुसरं कारण असेल तर लिही. नसेल तर प्रमाण लिही.

मावशी


२८ मार्च, कुरियरने

मावशी,

तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी ओतते.

आधी माझी आगळीक. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी रडले, मग तुझ्या किरणांच्या विभागात फोन केला आणि तुझी चुगली केली. आटवलेल्या कॉफीचं सगळं सांगितलं. तुझ्या डॉक्टरांनी दोनदा विचारून ते लिहून घेतलं. आज ते खाली येऊन तुझी छाती तपासतील. हे पत्र पोचेपर्यंत त्यांच्यावर चमचा उगारून झाला नसेल तर आता उगारू नकोस.

आता तुला हवं ते दुसरं कारण.

किरण आंधळे असतात. गाठीतला धागा तोडतात, तसाच शेजारच्या चांगल्या पेशींचाही तोडतात. तुझा घसा सोललाय तो त्यामुळेच. मग तू शिल्लक कशी राहतेस? तुझ्या चांगल्या पेशींचा मुकादम शाबूत आहे. तो ओरडतो, त्या थांबतात, उद्याच्या किरणांपर्यंत धागा सांधून पुन्हा उभ्या राहतात. गाठीतल्या पेशींची शिस्त बिघडलेली असते. त्यांना ही दुरुस्ती तितकी नीट जमत नाही, म्हणून त्या रोज थोड्या थोड्या मागे पडतात. तुला एकदम सगळे किरण न देता रोज थोडे देतात ते त्यासाठीच. मधल्या वेळात तुझ्या पेशी लढत असतात. टेबलावर तू नुसती पडून राहतेस असं तुला वाटतं, पण खरी मारामारी तू घरी आल्यावर सुरू होते, आणि ती तूच करत असतेस.

आणि तू काय करतेस? रोज त्या लढायला निघालेल्या मुकादमाच्या तोंडावर हात ठेवायला बघतेस. आटवलेली कॉफी गाठीचं घर शोधत जात नाही, मावशी. ती तुझ्यात सगळीकडे जाते. तुझ्या बाजूने भांडणारं जे काही तुझ्यात आहे, त्याला तू गप्प करायला निघालीस. आयुष्यभर दुसऱ्याने गप्प केलेलं तुला चाललं नाही. मग हे का चालतंय?

पेशी थांबते ती घाबरून नाही. पुढच्या वेळी मार खाऊन उभं राहायचं असतं म्हणून थांबते.

आता माझं. काल संस्थेत देणगीदारांची सभा होती. मॅडमनी मला बशी घेऊन मंचावर उभं केलं आणि थोडक्यात आवर म्हणाल्या. मी थोडक्यातच बोलले. ते गाळलेलं वाक्य म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. मग म्हटलं, या बातमीचा आधार घेऊन एका हॉस्पिटलात एका बाईचं कॉफीचं काउंटर उठवलं जातंय आणि एका रुग्णाने कॉफी आटवून जीव धोक्यात घातलाय, आणि दोन्हींना आमची संस्था जबाबदार आहे. सभेनंतर मॅडम म्हणाल्या, या प्रकल्पावर तुझी आता गरज नाही. मी हातमोजे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. खरं सांगू, मला अजिबात वाईट वाटलं नाही. मला तुझी आठवण आली.

सोबत व्यवस्थापकांच्या नावे पत्र आहे, माझ्या सहीचं, निबंधातल्या त्या वाक्यासकट. त्यांच्या हातात दे.

आणि मी येतेय. आईला दिलेला शब्द तू पाळलास, पुष्कळ झालं. मी तेव्हा लहान होते, मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचार. नको म्हणालीस तरी येणार आहे, माझा स्वभाव कुणावर गेलाय ते तुला माहीत आहे.

मुंगी


१ एप्रिल

मुंगाबाई चुगलखोर,

डॉक्टर आले. छातीला वायरी लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली, आणि मला असं बोलले की मला माझीच आठवण आली. हृदय जागेवर आहे. थोडं रुसलंय म्हणे.

आटवलेलं भांडं मोरीत ओतलं. तुझ्या मरणाच्या धमकीने नाही, ते नीट लक्षात ठेव. त्या दुसऱ्या कारणाने. ती पेशींची गोष्ट वाचली आणि मला माझ्याच मूर्खपणाचा राग आला. आपल्याच माणसाच्या तोंडावर हात ठेवत होते मी. मग स्वतःचा कप घेतला आणि स्वतःच्या देखत पालथा घातला.

काल महिनाअखेर. व्यवस्थापक दोन हमाल घेऊन काउंटर उचलायला आला. मी त्याच्या हातात तुझं पत्र दिलं. तो म्हणाला, "नंतर वाचतो." मी मान हलवली, नंतर नाही. चमचा किटलीवर आपटला. आपटतच राहिले. आवारातले लोक वळले, वरच्या खिडक्या उघडल्या. किरणांच्या मशीनवर काम करते ती बाई गर्दीतून पुढे आली, त्याच्या हातातलं पत्र घेतलं आणि मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून सहीपर्यंत. इतके दिवस जे ड्युटीच्या नावाखाली सटकत होते ते सगळे शेवटपर्यंत उभे राहिले. भाजलेल्यांच्या वॉर्डातली नर्स खांबापाशी गेली आणि तिने सूचना नखाने सोलून काढली. हमाल म्हणाले, साहेब, उचलायचं का? तो म्हणाला, समितीला विचारून सांगतो.

म्हणजे भांडण संपलेलं नाही. पण काउंटर आहे तिथेच आहे. हमालांना दोन-दोन कप पाजले. एकाने तिसरा मागितला.

आता तू येतेसच आहेस तर ऐक. उशाशी बसायला येणार असशील तर स्टेशनवरूनच परत जा, शब्द म्हणजे शब्द. मी उरलेले किरण घेणार आहे, आणि डॉक्टर म्हणतात तोवर दुपारी आडवी पडणार आहे. पेशींना वेळ द्यायचा आहे, हे मला पटलंय. पण मी थांबले म्हणून दुकान थांबलेलं मला चालणार नाही. लहानपणी काउंटरखाली बसून अभ्यास करायचीस तेव्हा मी तुला दटावायचे, आवाज करू नकोस. आता ये, काउंटरच्या मागे उभी राहा आणि ओरड. ऑर्डरी ओरड, उधारीवाल्यांवर ओरड, समिती आली तर समितीवर ओरड. माझा घसा सांधेपर्यंत मला एक मुकादम हवाय.

पांढरा कोट आणू नकोस. कॉफीचे डाग पडतात.

मावशी